भाजणावळ आणि भाव

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की सातारा-सांगलीकडच्या बेकऱ्यांपुढे एरवी न दिसणारी गर्दी दिसू लागते. ही माणसं काही विकत घ्यायला आलेली नसतात, भाजून घ्यायला आलेली असतात. कुणाच्या पिशवीत मैदा, पिठीसाखर आणि डालडा, कुणाकडे घरी मळून आणलेला गोळा, कुणाकडे रिकामा पत्र्याचा डबा. बेकरीवाला साहित्य तोलून घेतो, नानकटाई ट्रेमध्ये मांडतो, नावाची चिठ्ठी लावतो आणि ट्रे भट्टीत सारतो. डबा भरून हातात पडला की किलोमागे ठरलेले पैसे द्यायचे. कुणी त्याला मजुरी म्हणतं, कुणी भाजणावळ. साहित्य गिऱ्हाइकाचं, भट्टी आणि हात बेकरीवाल्याचे, आणि दोन्हींचा हिशोब वेगळा. ‘भट्टी पेटलेलीच आहे, त्यात आमचा एक ट्रे टाकायला पैसे कसले?’ असं त्या रांगेत कुणी म्हणत नाही.

रांगेतलीच एखादी बाई पुढे ओव्हन घेते, घरी नानकटाई करू लागते, शेजारपाजारचे वाखाणतात आणि ती विकायला बसते. मग मात्र तिच्या हिशोबातून भाजणावळ नाहीशी होते. मैद्याचे इतके, साखरेचे इतके, तुपाचे इतके आणि वर वीस-तीस रुपये, झाला भाव. बेकरीवाल्याला जे पैसे ती बिनतक्रार मोजत होती, ते स्वतःला द्यायचं तिच्या मनातही येत नाही. घरात बसूनच करायचं, वेळ काय मोकळाच असतो, असं ती सांगते आणि घरचेही सांगतात. सकाळी साडेपाचला उठून, दोन डबे भरून, सासऱ्यांचा चहा करून, मग ओव्हन तापवणाऱ्या बाईचा वेळ मोकळा कसा, हे मला कधी कळलेलं नाही.

घरी भाजलेले पदार्थ आठवडे बाजारात, यात्रेत, प्रदर्शनात, ओळखीच्या दुकानात विकणाऱ्या सातारा-सांगलीच्या बायकांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. पाककृती तिच्यात नाहीत, त्या तुम्हाला माझ्याहून चांगल्या येतात. भाव कसा काढायचा, तो कुठे आणि कसा सांगायचा, आणि कोणता माल त्या भावाला परवडत नाही म्हणून सोडून द्यायचा, एवढंच तिच्यात आहे. हा विषय तसा कोरडा आहे. पण चांगल्या हाताच्या कितीतरी बायका वर्ष-दीड वर्षात दमून थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. उलट माल जितका जास्त खपत होता तितकं त्यांचं जास्त जात होतं, आणि ते कशातून जातंय हे कुठल्याही वहीत दिसत नव्हतं.

श्रमाला दाम असलाच पाहिजे, हा विचार या मातीला नवा नाही. रोजगार हमी योजनेचा मूळ प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तिथे तो करून पाहिला, पुढे सबंध राज्यात योजना आली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम आणि कामाला ठरलेली मजुरी, हे तत्त्व देशाने २००५ मध्ये उचललं. २०२५-२६ साली महाराष्ट्रात ही मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. या पुस्तिकेतल्या सगळ्या उदाहरणांत मी हाच आकडा धरला आहे. नानकटाईला नेमक्या कडा राखणं हे मातीकामापेक्षा वेगळं कसब आहे, त्याचा दर जास्तच असायला हवा. पण निदान एवढे तरी. रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या बाईला सरकार जे देतं त्याच्याखाली आपल्या हातांचा दर जाता कामा नये, ही पायरी पक्की धरली की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली, ही गोष्ट बचत गटाच्या प्रत्येक मेळाव्यात सांगतात. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग फारसा सांगितला जात नाही. तिथे लाटणारीला किलोच्या हिशोबाने लाटण्याचे पैसे मिळतात, आणि नफ्याची वाटणी त्याहून वेगळी. घरात बसून काम केलं तरी मजुरी आणि नफा एकत्र कालवायचा नाही, हे त्या बायकांनी पहिल्यापासून सांभाळलं. घरगुती बेकिंग करणारी बाई एकटीच मालकीण आणि एकटीच कामगार असते, म्हणून तिच्याकडे हे दोन्ही सहज मिसळतं. महिन्याच्या शेवटी डब्यात दोन हजार उरले तर ती म्हणते, नफा झाला. तासांचा हिशोब लावला तर त्यात पुरती मजुरीसुद्धा निघालेली नसते.

आता मापांकडे येऊ, कारण भावाची पहिली चूक तिथे होते. कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी घरांत ते देव्हाऱ्यातल्या पोथीइतकं सांभाळलं गेलं. त्याचं एक कारण म्हणजे त्यातली मापं. वाटी, चमचा, भांडं अशी घरात असलेली मापं दिल्यामुळे नुकतं लग्न झालेल्या मुलीलाही ते पुस्तक हाताशी धरून स्वयंपाक जमला. घरासाठी ते माप उत्तमच आहे. बाजारासाठी ते पुरत नाही. मैदा वाटीत दाबून भरला की सैल, चाळून घेतला की तसाच, यावर वजनात चांगला फरक पडतो. घरी तेवढ्याने काही बिघडत नाही, पण दर आठवड्याला चार किलो करणारीला नेमका खर्चही कळत नाही आणि चवही सारखी राहत नाही. म्हणून पहिली खरेदी ओव्हनची नको, तोलकाट्याची हवी. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. आपली ठरलेली वाटी एकदा त्यावर ठेवा आणि आकडा पाककृतीच्या शेजारी लिहून टाका.

आता एक किलो नानकटाई घेऊ. भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या पेठेतले तुम्ही भरा. मैदा ४५० ग्रॅम, १८ रुपये. पिठीसाखर ३०० ग्रॅम, १५ रुपये. वनस्पती ३०० ग्रॅम, ४८ रुपये. रवा आणि बेसन मिळून १०० ग्रॅम, १० रुपये. वेलची आणि सोडा, ९ रुपये. कच्चं वजन ११५० ग्रॅम भरतं. भाजताना उडणारा ओलावा आणि तुटलेले तुकडे वजा जाता विकण्याजोगी किलोभर राहते. साहित्याचे झाले १०० रुपये. बहुतेक जणींचा हिशोब इथे संपतो. शंभराला पडली, दीडशेला दिली, पन्नास सुटले.

पण अजून वीज आहे. लहान ओव्हनमध्ये किलोभर माल तीन घाण्यांत होतो, आधीचं तापवणं धरून तासाहून जास्त वेळ, म्हणजे एक-सव्वा युनिट. घरगुती वीजबिलात १०० युनिटांच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. घरातले दिवे-पंखे-फ्रीज पहिले शंभर खाऊन टाकतात आणि ओव्हनचं प्रत्येक युनिट वरच्या दराने लागतं. म्हणून सरासरी दर न धरता वरचा धरायचा. १६ रुपये. पाव किलोचे चार डबे, त्यांवरच्या चिठ्ठ्या, ४० रुपये. मळणं, वळणं, भाजणं, गार करून भरणं, भांडी घासणं, दोन तास, ७८ रुपये. बाजाराला जायचं एसटीचं किंवा वडापचं भाडं आणि जागेची पावती चार किलोंवर वाटली तर किलोला ३० रुपये. बेरीज २६४.

पाव किलोला ६६ रुपये. अजून नफा धरलेला नाही. ओव्हनचा घसाराही नाही. ९००० रुपयांचा ओव्हन पाच वर्षं चालला आणि महिन्याला वीस किलो माल निघाला, तर किलोमागे साडेसात रुपये तेही होतात. पाच डब्यांतला एक परत आला, तर उरलेल्या चारांनी पाचव्याचं ओझं उचलायचं आणि किलोचा खर्च ३३० वर जायचा. वनस्पतीऐवजी साजूक तूप घातलं तर ६५० रुपये किलोच्या तुपाने २६४ चे ४११ होतात, एकही डबा परत न येता. ‘शुद्ध तुपातली’ असं पुठ्ठ्यावर लिहून ३०० रुपये किलोने विकणाऱ्या ताई दिसल्या की मला काळजी वाटते. त्या स्वतःच्या खिशातून गावाला तूप वाढत असतात.

तुपाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा सीलबंद डबा पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही. सुट्टं, बिननावाचं, डब्यातून काढून दिलेलं वनस्पती मात्र घेऊ नका. किलोमागे वाचणाऱ्या आठ-दहा रुपयांसाठी पोरांच्या पोटात काय जातंय याचा भरवसा घालवायचा नाही.

दोनशे रुपयांना तर बेकरीत मिळते, मग आमची २६४ ला कोण घेणार, हा पुढचा प्रश्न. रास्त आहे. बेकरीवाला मैदा पन्नास किलोच्या पोत्याने घेतो, एका घाण्यात वीस ट्रे लावतो, त्याचा तासाचा माल तुमच्या आठवड्याइतका. कारखान्यांची गोष्ट तर त्याहून पुढची. पारले-जीचा छोटा पुडा कितीतरी वर्षं त्याच किमतीला ठेवला गेला आणि महागाई वजन कमी करून भागवली. त्या रांगेत उभं राहायचंच नाही. घरगुती खारी, टोस्ट आणि साधा पाव बाजारात नेऊ नये असं मी स्पष्टपणे सांगते. खारीला थर सुटायला हात बसावा लागतो, जागा लागते, मोठी भट्टी लागते, आणि एवढं करून ती विकायची बेकरीच्या भावाला. गावोगावच्या मुस्लिम कुटुंबांच्या जुन्या बेकऱ्या आणि कर्नाटकातून येऊन तालुक्याच्या गावांपर्यंत पसरलेल्या अय्यंगार बेकऱ्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. ते त्यांचं कसब आहे, तिथे त्यांचाच माल घ्यावा.

आपण नेण्यासारखं वेगळं आहे. माण-खटावचा आणि जत-आटपाडीचा शाळू, नाचणी, कराडकडचा गूळ, तासगावचे बेदाणे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. सांगलीच्या बेदाण्याला आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, ते डब्यावर सांगण्यासारखं आहे, अर्थात माल खरोखर तिथला असेल तरच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांना पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मागून घेतं. हिशोबात मात्र एक गोष्ट विसरू नका. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, बिस्किट भुगभुगीत होतं आणि तुटफूट मैद्याच्या दुपटीने जाते. पीठ घरच्या शेतातलं असलं तरी त्याचा बाजारभाव धरायचा, कारण ते विकलं असतं तर पैसे आलेच असते. घरचं दूध, घरचं लोणी, घरची अंडी, सगळ्यांना हाच नियम. सातारा-सांगलीच्या शेतकरी घरांत हे पटवणं मजुरीपेक्षाही अवघड जातं. घरच्या वस्तूला किंमत लावणं तिथे कमीपणाचं वाटतं.

बाजार एकच नसतो. आठवडे बाजारात भाजी घेऊन परतणारी बाई पोराच्या हातात काहीतरी द्यायला थांबते, तिच्या मुठीत वीस-तीस रुपये असतात. तिच्यापुढे पाव किलोचा डबा ठेवून उपयोग नाही. शंभर ग्रॅमची साधी पुडी, ३० रुपये, डब्याशिवाय. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, इथे घरी न्यायचा खाऊ खपतो. पण तिथे पेढे, भडंग आणि मेवामिठाईचा जम आहे, आणि धुळीत उघडा ट्रे ठेवला की संपलं. कासच्या फुलांच्या दिवसांत, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावरच्या थांब्यांवर गिऱ्हाईक भावाआधी डबा उलटून मागची बाजू वाचतं. मिरजेत वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे ख्रिस्ती वस्ती शतकाहून जुनी आहे, तिथे डिसेंबरात केकची मागणी ठरलेली. आणि वाढदिवसाचे केक तर आता वाड्या-वस्त्यांवर पोहोचले आहेत, पण त्यांचं गणित पूर्ण वेगळं असल्याने त्यांना या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

एकाच मालाचे दोन ठिकाणी दोन भाव लावणं गैर आहे का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. पुडी साधी, वाट जवळची, चव बघायला काही द्यायचं नाही, तिथे खर्च कमी, म्हणून भाव कमी. पाचगणीला जायचं भाडं, चांगला डबा, तिथल्या जागेचे पैसे, म्हणून भाव जास्त. खर्चातला फरक दाखवता येत असेल तर त्यात गैर काही नाही. गाडीचा नंबर बघून भाव सांगणं गैर, आणि ते फार दिवस चालतही नाही.

घासाघीस होणारच. ‘ओ ताई, घरचंच हाय की, द्या की कमी करून!’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्या अजून बाजारात बसलेल्याच नाहीत. सकाळची भवानी व्हायची असते, समोरची बाई ओळखीची असते, आणि आपल्याला ‘नाही’ म्हणायची सवय नसते. भाव तोंडाने सांगण्याऐवजी लिहून ठेवला तर निम्मी घासाघीस थांबते, हा सगळीकडचा अनुभव आहे. भाव उतरवण्यापेक्षा एखादी नानकटाई हातावर ठेवा, पण तिचाही खर्च लिहून ठेवा. २० ग्रॅमची एक, म्हणजे सव्वापाच रुपये. दिवसात दहा जणांना दिल्या तर ५३ रुपये झाले, ते गिऱ्हाईक मिळवण्याच्या खर्चात धरा आणि खुशाल द्या.

दुकानात माल ठेवताना टक्केवारी घात करते. दुकानदार म्हणतो, माझे २० टक्के. ताई २६४ मध्ये २० टक्के मिळवतात आणि ३१७ छापतात. दुकानदार ३१७ चे २० टक्के, म्हणजे ६३ रुपये कापून घेतो. हाती २५४. प्रत्येक किलोला दहा रुपये पदरचे गेले, आणि दुकानदाराने काहीही फसवलेलं नाही. त्याचे २० टक्के विक्रीच्या किमतीवर होते, ताईंचे खर्चावर. २६४ हाती हवे असतील तर २६४ ला ०.८ ने भागायचं, ३३० छापायचे. हे एवढं एक गणित पाठ झालं तरी पुस्तिकेचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

हवेचाही भावावर परिणाम होतो. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या टोकाला माण, तिथे जेमतेम पाचशे. म्हसवडला साध्या पिशवीत आठ दिवस कुरकुरीत राहणारं बिस्किट जुलैत मेढा-महाबळेश्वरकडे दुसऱ्या दिवशी सादळतं. तिथे जाड, सील केलेली पिशवी लागते, तिचे दोन-तीन रुपये जास्त, आणि पावसाळ्यात परत येणारा माल जास्त धरावा लागतो. वर्षभर एकच भाव ठेवायचा असेल तर तो पावसाळ्याच्या खर्चावर काढावा. गरम माल झाकणाच्या डब्यात भरला की आत वाफ धरते आणि कितीही भारी पिशवी असली तरी उपयोग होत नाही. गार होण्याचा तो तासभर कुणी काम करत नाही, तो मजुरीत धरू नका, पण वेळापत्रकात धरा.

कायद्याबद्दल भीती फार आणि माहिती थोडी अशी अवस्था आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याचे नियम २०११ पासून लागू. त्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलेलं होतं. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक डब्यावर छापायचा. घरचं स्वयंपाकघर चालतं, वेगळा गाळा लागत नाही. डब्यावर नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, सर्व करांसह किंमत, आणि शाकाहाराची हिरवी खूण. केकमध्ये अंडं असेल तर हिरवी खूण लावता येत नाही, आपल्याकडे अंडं मांसाहारात मोजलं जातं. वारकरी घरांत जाणाऱ्या मालाबाबत तर ही गोष्ट कायद्याच्याही आधी विश्वासाची आहे. एकाच ट्रेवर दोन्ही प्रकार भाजत असाल तर विचारणाऱ्याला तसं सांगा.

कराचं थोडक्यात. बिस्किट-केकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ वर आला. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, तेव्हा घरगुती विक्रेतीने गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही. पण लोणी, डबे, ओव्हन घेताना ती स्वतः कर भरते आणि तो तिला परत मिळत नाही. म्हणून खर्चाच्या वहीत बिलाची खालची, करासकटची रक्कम लिहायची. कितीतरी वह्यांत मी वरची रक्कम लिहिलेली पाहिली आहे.

बायकांना हिशोब जमत नाही, हे मी मान्य करत नाही. म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या बायका बँक काढायला निघाल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचं गणित तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली, असं चेतनाताई सांगत आल्या आहेत. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दुष्काळी तालुक्यातल्या, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांची बँक. व्याज, उधारी, भिशीची पाळी, म्हशीचा फॅट, हे सगळं आपल्या बायकांच्या जिभेवर असतं. अडतं ते फक्त स्वतःच्या तासांपाशी. ते मोजायला त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

कर्जाबाबत माझं मत थोडं कठोर आहे. २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं आणि बचत गटातल्या सदस्येला ४०,००० रुपयांचं बीजभांडवलही. योजना चांगली आहे. पण ज्या मालात किलोमागे दहा रुपये तोटा आहे तो मोठ्या ओव्हनमध्ये केला तर तोटाच मोठा होतो. निदान सहा महिन्यांची वही हातात असल्याशिवाय अर्ज करू नका. ती वही बँकेतही तुमच्याआधी बोलेल.

वहीसाठी पुस्तिकेच्या मागे कोरे तक्ते दिले आहेत. मजुरीचा रकाना त्यांत मुद्दाम पहिला ठेवला आहे, साहित्य त्यानंतर. घड्याळ बघून वेळ लिहा, अंदाजाने लिहू नका, आणि पहिल्या महिन्यात आकडे बघून घाबरूही नका. सुरुवातीला किलोला तीन-साडेतीन तास लागतात. एकदम चार किलोंचा घाट घातला, वेलची-साखर आधी दळून ठेवली, डबे आदल्या रात्री चिठ्ठ्या लावून ठेवले की तो दीडवर येतो, आणि मजुरीचा दर न कापता खर्च उतरतो. दर न कापता, हे महत्त्वाचं. खर्च जास्त दिसला की बायका सर्वांत आधी स्वतःची मजुरी कमी करतात आणि मग साहित्याची प्रत. क्रम उलटा हवा. आधी वेळ वाचवा, मग खरेदी एकत्र करा. गटातल्या चौघींनी मिळून मैद्याचं पोतं आणि तुपाचा डबा घेतला तर पेठेत भाव लगेच बदलतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर तो पदार्थच बंद करा.

राहता राहिली भाववाढ. दिवाळीच्या तोंडावर तूप-साखर वर जाते आणि त्याच आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी येतात. गेल्या वर्षीचा भाव त्यांच्या लक्षात असतो, आणि तोंडावर वाढ सांगायचा संकोच वाटतो, म्हणून कितीतरी जणी डब्यातल्या दोन नानकटाया कमी करतात. ते करू नका. वजन छापलेलं असतं, आणि मोजणारं पोर प्रत्येक घरात असतं. नवा भाव गणपतीतच ठरवा, पुठ्ठ्यावर लिहा, नवरात्रात ऑर्डर घेताना आधी भाव सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. ‘गेल्या खेपेला २८० ला दिली होतीस की गं,’ असं मावशी म्हणतील. तूप केवढ्याचं झालं ते त्यांनाही ठाऊक असतं, त्यांच्याही घरी करंज्या व्हायच्या असतात. भाव सांगून झाला की किती किलो लिहून घेऊ, एवढंच विचारा.